कर्ज काढून फिजिक्स : एका हिशेबाचा इतिहास

गेल्या ऑगस्ट महिन्यातील गोष्ट. शाळा सुटल्यावर हजेरीपटाचे काम उरकीत बसलो होतो, तोच एक गृहस्थ स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. आयुष्याची तीस वर्षे त्यांनी जहाजावर काढली. मोहल्ल्यात सारेजण त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचा धाकटा मुलगा बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. पुढे एम. एस्सी.साठी परदेशी जाण्याचा त्याचा हट्ट आहे.

"सर," चाचा म्हणाले, "बँक कर्ज देते म्हणते. घराचे कागद ठेवावे लागतील. इंजिनिअर झाला असता तर विचारलं नसतं. पण फिजिक्स शिकून हे फिटेल का, तेवढं सांगा."

मी इतिहासाचा शिक्षक. बी. ए., बी. एड. झालेल्या माणसाला कोणी फिजिक्सचा भाव विचारावा, हे थोडे अजबच. तरी मी त्यांच्याकडे आठवड्याची मुदत मागून घेतली. कारण मला एवढे ठाऊक होते की, हा प्रश्न विचारणारे चाचा पहिले नव्हेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेत हजारो घरांतून नेमका हाच प्रश्न विचारला गेला होता, आणि तेथे काय घडले त्याची व्यवस्थित नोंद आहे. वाचकहो, त्या आठवड्यात मी जे वाचले आणि जे मनात जुळवले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रारंभ १९४४ पासून करावा लागेल. दुसरे महायुद्ध संपत आले होते. परत येणाऱ्या सैनिकांना कामधंद्याला कसे लावावे ही सरकारला चिंता होती. त्या वर्षी अमेरिकेने एक कायदा केला, त्याला 'जी. आय. बिल' म्हणतात. ज्या सैनिकाला शिकायचे असेल त्याला कॉलेजची फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत सरकार देई, शिवाय एकट्या माणसास खर्चासाठी दरमहा ५० डॉलर. सुमारे २२ लाख माजी सैनिक या पैशावर कॉलेजात गेले. हे कर्ज नव्हते, परतफेडीचा प्रश्नच नव्हता. म्हणून या पिढीतील जो पदार्थविज्ञान शिकला, त्याने विषय निवडताना 'हप्ता किती बसेल' हा विचार केलाच नाही. त्याला करावा लागला नाही. ही सवलत पुढच्या पिढीच्या नशिबी नव्हती.

नंतर उजाडला ४ ऑक्टोबर १९५७. सोव्हिएत रशियाने स्पुटनिक नावाचा ८३ किलोंचा एक चकचकीत गोळा अंतराळात सोडला आणि अमेरिकेत एकच हलकल्लोळ माजला. आपली मुले गणितात व विज्ञानात मागे पडली म्हणून रशियाने बाजी मारली, अशी सर्वत्र ओरड झाली. (ओरड कितपत खरी होती हा भाग वेगळा. शाळेवर खापर फोडणे सर्व देशांत सोपे असते, हे शिक्षक म्हणून नमूद करतो.) या गदारोळातून जो कायदा निघाला त्याचे नाव 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा'. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी २ सप्टेंबर १९५८ रोजी त्यावर सही केली.

या कायद्यामागे जे दोन पुढारी होते त्यांपैकी एकाविषयी सांगितलेच पाहिजे. कार्ल एलियट हे अलाबामा राज्यातील खासदार. खंडाने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठात दाखल होण्यास गेले तेव्हा खिशात तीन डॉलरसुद्धा नव्हते, मिळेल ते काम करीत त्यांनी शिक्षण पुरे केले. म्हणून गरिबाच्या हुशार मुलाला सरकारने शिष्यवृत्ती द्यावी, अशी त्यांची फार दिवसांची तळमळ होती. मूळ मसुद्यात शिष्यवृत्त्या होत्याही. पण सभागृहात आक्षेप निघाला की, फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, मुलाने स्वतः काहीतरी भार उचलला पाहिजे. चर्चेअंती पदवीच्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या गळाल्या आणि त्यांचा पैसा कर्जाकडे वळवण्यात आला. अमेरिकेत विद्यार्थ्याला सरकारी कर्ज देण्याची परंपरा येथून सुरू होते. याच एलियट यांनी १९६६ साली गव्हर्नरपदाची निवडणूक लढवताना आपले निवृत्तिवेतनही मोडून खर्च केले, ते हरले आणि उरलेले आयुष्य त्यांनी ओढाताणीत काढले.

तरीपण ते कर्ज कसे होते ते पाहा. विद्यार्थ्याला वर्षाला जास्तीत जास्त १,००० डॉलर, एकूण ५,००० डॉलर मिळत. व्याज शेकडा ३. शिकत असेपर्यंत व्याज चढत नसे. शिक्षण संपल्यावर एक वर्षाने परतफेड सुरू व्हायची आणि ती दहा वर्षांत पुरी करायची. विज्ञान, गणित, इंजिनिअरिंग व परकीय भाषा यांत जो हुशार असेल त्याचा अर्ज आधी विचारात घ्यावा, असे कायद्यात म्हटले होते. आणि जो सरकारी शाळेत शिक्षक होईल त्याचे दर वर्षी शेकडा १० याप्रमाणे पाच वर्षांत अर्धे कर्ज माफ! हे वाचून मी दोन मिनिटे पुस्तक मिटून बसलो. आपल्याकडील बँकेच्या शैक्षणिक कर्जात मुलगा वर्गात बसलेला असतानाही व्याज मोजले जात असते, ही गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. पुष्कळांना ती कर्ज मंजूर झाल्यावर कळते.

या कायद्यात एक काटाही होता. कर्ज घेणाऱ्याने आपण सरकार उलथू पाहणाऱ्या कोणत्याही संघटनेत नाही व अशा विचाराचे नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. हार्वर्ड व येल या विद्यापीठांनी १९५९ साली या अटीच्या निषेधार्थ योजनेतून अंग काढून घेतले. १९६२ साली ते प्रतिज्ञापत्र रद्द झाले.

आता फिजिक्सकडे येऊ. महायुद्धापूर्वी अख्ख्या अमेरिकेत फिजिक्सच्या वर्षाला दोनशेसुद्धा पीएच. डी. होत नसत. १९७०-७१ पर्यंत ही संख्या वर्षाला सुमारे १,५०० वर गेली. पैशाला तोटा नव्हता. अंतराळ संस्थेला, लष्कराला, अणुशक्तीवाल्यांना, विद्यापीठांना, सर्वांना फिजिक्सवाला माणूस हवा होता. अशा दिवसांत १९६२ साली कॉलेजात पाय ठेवणाऱ्या मुलाच्या बापाने कोणाला विचारले असते, "कर्ज फिटेल का?" तर उत्तर आले असते, "अहो, नोकरी घरी चालून येईल." आणि हे उत्तर त्या दिवशी खोटे नव्हते.

एका माणसाने मात्र धोक्याची घंटा वाजवली होती. ॲलन कार्टर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६५ सालीच आकडे मांडून दाखवले की, प्राध्यापकांची टंचाई पडणार ही सर्वांची समजूत चुकीची आहे, लवकरच पीएच. डी. झालेल्यांची गर्दी होणार आहे. पण बाजार तेजीत असताना असले कोण ऐकतो?

तेजी ओसरली तीही झपाट्याने. अंतराळ संस्थेच्या खर्चाने १९६६ मध्ये शिखर गाठले व मग तो उतरू लागला. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला तो जुलै १९६९ मध्ये, पण पैसा त्यापूर्वीच आटू लागला होता. व्हिएतनामच्या युद्धाने तिजोरीवर ताण आला. १९६८ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लष्करी सक्तीतून मिळणारी सूट बहुतांशी बंद झाली. १९६९ साली सिनेटर मॅन्सफील्ड यांच्या दुरुस्तीने लष्कराला त्याच्या कामाशी थेट संबंध नसलेल्या संशोधनावर पैसा खर्च करण्यास मनाई झाली. एकेक नळ बंद होत गेला.

अमेरिकेतील फिजिक्सच्या संस्थेतर्फे नोकरी देणारे व मागणारे यांची गाठ घालून देण्याची व्यवस्था होती. १९६८ मध्ये तेथे सुमारे हजार उमेदवारांनी नाव नोंदवले आणि जागा होत्या २५३. परिस्थिती तेव्हाच बिकट होती. १९७१ साली उमेदवार १,०५३ आणि जागा ५३. वीस जणांमागे एक.

वाचकहो, या ५३ जागांपुढे थोडा वेळ थांबावे असे मला वाटते. त्या रांगेतले तरुण निकामी नव्हते. ते आपापल्या गावचे सर्वांत हुशार मुलगे होते. त्यांनी सरकारने सांगितलेला विषय घेतला, सरकारने दिलेले कर्ज घेतले, सांगितली तेवढी वर्षे अभ्यास केला. चुकले कोठे?

याचा छडा हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रीमन यांनी लावला. १९४८ ते १९७३ या काळातील फिजिक्सचे पगार व विद्यार्थिसंख्या यांचा अभ्यास त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे समजायला आपल्याला लांब जायला नको, घाटावरच्या कांद्याकडे पाहिले की पुरे. यंदा लासलगावला कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात जो तो कांदा लावतो. सर्वांचा कांदा एकदम बाजारात येतो, भाव कोसळतो आणि शेतकरी तो रस्त्यावर ओततो. मग पुढे कोणी कांदा लावीत नाही, म्हणून पुन्हा भाव चढतो. फिजिक्सचेही तसेच. विद्यार्थी विषय घेतो तो आजचे पगार पाहून. पण कांदा चार महिन्यांत निघतो, पदवीला लागतात चार वर्षे आणि अमेरिकेत पीएच. डी.ला त्यावर आणखी पाच-सहा. १९६२ च्या भावाकडे पाहून पेरलेले पीक १९७१ च्या बाजारात आले!

येथेच कर्जाचा खरा स्वभाव कळतो. मिळकत ठरते बाहेर पडण्याच्या दिवशी, कर्ज मात्र ठरलेले असते आत शिरण्याच्या दिवशी. ५,००० डॉलरचे कर्ज शेकडा ३ दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ४८ डॉलर बसतो, हे मी आमच्या गणिताच्या सरांकडून तपासून घेतले आहे. १९६५ मध्ये बाहेर पडलेल्यालाही ४८ आणि १९७१ मध्ये रांगेत उभा असलेल्यालाही ४८. सुदैव एवढेच की रक्कम लहान होती व व्याज हलके होते. त्यामुळे त्या पिढीचे हाल झाले ते विषय सोडावा लागला म्हणून, घर गेले म्हणून नव्हे. पुष्कळजण इंजिनिअरिंगकडे, संगणकाकडे, वैद्यकीय यंत्रांकडे वळले. फिजिक्स शिकलेल्या माणसाला गणित येते, यंत्र उघडता येते, म्हणून तो अगदी उपाशी राहिला नाही. नोकरी फिजिक्सची नव्हती, इतकेच. हा फरक मुलाला सहन होईल का, हे बापाने नव्हे, मुलाने सांगायचे असते.

हप्ता मिळकतीप्रमाणे ठेवता येणार नाही काय? हा विचारही त्या काळी झाला. मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ सालीच सुचवले होते की, विद्यार्थ्याला पैसा द्यावा आणि त्याच्या भावी मिळकतीतला ठरावीक हिस्सा घ्यावा. १९७१ मध्ये, म्हणजे त्या ५३ जागांच्याच वर्षी, येल विद्यापीठाने तसे करून पाहिले. प्रत्येक १,००० डॉलर कर्जामागे दर वर्षी मिळकतीच्या शेकडा ०.४ इतके द्यायचे. ५,००० घेतले असतील तर मिळकतीचे शेकडा २. कमी मिळाले तर कमी द्या, जास्त मिळाले तर जास्त. कल्पना सुरेख. पण तिच्यात एक गोम होती. एका वर्षाच्या सर्व कर्जदारांचे खाते एकत्र होते. त्या सर्वांचे मिळून कर्ज फिटेपर्यंत किंवा ३५ वर्षे होईपर्यंत सहसा कोणाची सुटका नाही. आपल्या भिशीत एकजण पैसे उचलून पसार झाला की बाकीच्यांच्या गळ्याला फास लागतो, तसे झाले. कित्येकांनी भरणे थांबवले, भरणाऱ्यांचे ओझे संपेना. १९७८ मध्ये नवे कर्ज देणे बंद झाले आणि पुष्कळ वर्षांनी, तक्रारींना कंटाळून, विद्यापीठाने उरलेली खाती मिटवली. पुढे ऑस्ट्रेलियाने १९८९ साली हीच कल्पना सुधारून घेतली. ज्याचे त्याचे खाते वेगळे, वसुली आयकराबरोबर, आणि मिळकत ठरावीक पातळीच्या खाली असेल तर हप्ताच नाही.

आपल्या देशाचेही दोन दाखले आहेत. जमशेटजी टाटांनी १८९२ साली हुशार विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा निधी स्थापन केला. एकाने परत केलेला पैसा दुसऱ्याला मिळावा, हा हेतू. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि कोल्हापूरात जन्मलेले जयंत नारळीकर हे दोघेही या निधीचे विद्यार्थी. नारळीकर केंब्रिजला गेले ते १९५७ मध्ये, स्पुटनिकच्याच साली. दुसरा दाखला भारत सरकारच्या राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती योजनेचा. १९६३ साली ती सुरू झाली. तिला व्याज नव्हते, आणि शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एकदशांश कर्ज माफ होते. योजना उत्तम, वसुली मात्र फारच थोडी झाली, आणि ती काळाच्या ओघात बंद पडली. ज्यांनी परत केले नाही त्यांनी कोणाचा घास घेतला हे त्यांना बहुधा कधी कळलेच नाही. मी स्वतः बी. एड.साठी एका जमातीच्या फंडातून कर्जे-हसना घेतले होते. शेवटचा हप्ता नेऊन दिला त्या दिवशी तोच पैसा माझ्यासमोर एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मोजला गेला, म्हणून हे लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे.

व्याजाविषयी चाचांनीही विचारले होते. तो निर्णय आलिमांचा, मी इतिहासापुरते सांगतो. ब्रिटनमध्ये १९९८ पासून कॉलेजला फी लागली आणि २०१२ पासून इंग्लंडमध्ये ती वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत गेली. तेव्हा व्याजाच्या कारणाने कर्ज न घेणाऱ्या मुसलमान मुलामुलींचा प्रश्न उभा राहिला. बिनव्याजी पर्यायाची तरतूद २०१७ च्या कायद्यात झाली, पण अंमलबजावणी वर्षामागून वर्ष लांबत गेली.

अमेरिकेकडे पुन्हा एकदा वळून पाहू. १९७१ नंतर मुलांनी फिजिक्सकडे पाठ फिरवली. १९८० च्या सुमारास पीएच. डी.ची संख्या १,००० च्या खाली आली. नेमके तेव्हाच संरक्षणाचा पैसा पुन्हा वाहू लागला आणि ओस पडलेल्या वर्गात बसलेल्यांना चांगले दिवस आले. ते पाहून पुन्हा गर्दी झाली. तोपर्यंत शीतयुद्ध संपले, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये टेक्सासमधील प्रचंड कणवेगकाचे काम अर्धवट असतानाच रद्द झाले. पुन्हा रांगा. या वेळी अनेक फिजिक्सवाले शेअरबाजारातील पेढ्यांत हिशेबाच्या कामाला गेले. पदवीधरांची संख्याही अशीच वरखाली झाली. १९६९ च्या सुमारास वर्षाला सुमारे ६,०००, १९९९ च्या सुमारास ४,००० च्या खाली आणि २०२० च्या सुमारास ९,००० च्या आसपास.

दरम्यान कर्ज मात्र एकाच दिशेने गेले. १९७६ मध्ये कायदा झाला की, विद्यार्थ्याने दिवाळे काढले तरी पहिली पाच वर्षे हे कर्ज सुटणार नाही. १९९८ मध्ये सरकारी कर्जाच्या बाबतीत मुदतीची ही सवलतही गेली. आज अमेरिकेतील विद्यार्थी कर्जाची एकूण रक्कम दीड लाख कोटी डॉलरच्याही वर आहे. म्हणजे ४८ डॉलरचा हप्ता भरणारा जो धोका पत्करीत होता, तोच धोका आजचा मुलगा कितीतरी जड ओझे घेऊन पत्करतो.

ही हकीकत मी चाचांना पुढच्या आठवड्यात सांगितली. मुलाला बरोबर आणा असे कळवले होते, तोही आला होता. एक गोष्ट मात्र त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघाली. अमेरिकेत जो फिजिक्सच्या पीएच. डी.ला थेट प्रवेश मिळवतो त्याला बहुतेक ठिकाणी फी माफ असते, आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार मिळतो. जो नुसत्या एम. एस्सी.साठी जातो त्याला बहुधा पदरचे पैसे घालावे लागतात. घराचे कागद लागत होते ते या दुसऱ्या मार्गासाठी. शिवाय आपल्याकडे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. एस्सी.नंतर सरळ पीएच. डी.कडे नेणारा अभ्यासक्रम आहे. त्यात विद्यावेतन मिळते, पण जागा अगदी थोड्या आणि परीक्षा कठीण.

"मग हे आधी का नाही बोललास?" चाचांनी त्याला विचारले.

"परीक्षेत नापास झालो तर, अब्बा?" तो म्हणाला.

चाचा काही बोलले नाहीत. घराचे कागद त्यांनी तूर्त ट्रंकेत ठेवले आहेत. सप्टेंबरमध्ये मुलाचा 'जॅम' परीक्षेचा अर्ज शाळेच्या ऑफिसातील संगणकावरून भरला. चाचा फी रोख घेऊन आले होते. ती ऑनलाइनच भरावी लागते असे कळल्यावर मी माझ्या खात्यातून भरली, आणि त्यांनी नोटा दोनदा मोजून माझ्या टेबलावर ठेवल्या.